हवा मोजता येते का? ट्यून केलेल्या गाडीसाठी ईसीयू निवडताना

मोठा टर्बो बसवला, कॅमशाफ्ट बदलले, एक्झॉस्ट मोकळा केला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, कोणता घ्यायचा? उत्तरात लगेच ब्रँडची नावं येतात. माझ्या मते सुरुवात तिथून करूच नये. बदललेल्या इंजिनात दर चक्राला किती हवा शिरते, हे त्या संगणकाला कशावरून कळणार, एवढंच आधी विचारावं. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे सगळं त्या एका आकड्यावर उभं असतं.

गणित करूनच पाहू. ५०० सीसीचा एक सिलिंडर घ्या. २५ अंश सेल्सिअसला, समुद्रसपाटीच्या दाबाने तो पूर्ण भरला तर आत साधारण ०.५९ ग्रॅम हवा मावते. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. म्हणजे इथे ४० मिलिग्रॅम पेट्रोल हवं. मिनिटाला ४४० सीसी सोडणारा इंजेक्टर तेवढं पेट्रोल ७.३ मिलिसेकंदांत सोडतो. ६००० आरपीएमला फोर-स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्या, २० मिलिसेकंदांत होतं. वेळ भरपूर आहे.

आता टर्बोने १ बार बूस्ट, म्हणजे वातावरणाहून १ बार जास्त दाब, द्या, आणि इंटरकूलरने हवा पुन्हा २५ अंशांवर आणली असं धरा. हवा दुप्पट झाली. शिवाय भर बूस्टमध्ये मिश्रण रिच ठेवतात, लॅम्डा (पूर्ण ज्वलनाला लागणाऱ्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्ष हवा) ०.८ च्या आसपास, म्हणजे जास्तीच्या पेट्रोलाने ज्वलनाचं तापमान आवाक्यात राहतं. पेट्रोल एकूण अडीचपट लागतं आणि इंजेक्टर १८ मिलिसेकंदांहून जास्त उघडा ठेवावा लागतो. त्याला उघडायलाच लागणारा जवळपास १ मिलिसेकंद त्यात मिळवला की २० पैकी १९ संपले. इंजेक्टरचा वापर ८५ टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो. तेव्हा मोठे इंजेक्टर घ्यावे लागणारच, ईसीयू कितीही भारी असला तरी.

मोठे इंजेक्टर आले की अडचण दुसऱ्या टोकाला सरकते. गाडी सिग्नलला उभी आहे, थ्रॉटल जवळपास बंद, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) बाहेरच्या एक तृतीयांश दाब. आता एका चक्राला १३ मिलिग्रॅम पेट्रोल पुरे, आणि मिनिटाला १००० सीसीचा इंजेक्टर ते जेमतेम १ मिलिसेकंदात सोडतो. इथे इंजेक्टरचा उघडण्याचा वेळ ०.१ मिलिसेकंदाने चुकला तर मिश्रण १० टक्क्यांनी चुकतं. हा वेळ बॅटरीच्या व्होल्टेजवर अवलंबून असतो. रेडिएटरचा पंखा सुरू झाला, व्होल्टेज थोडं पडलं, इंजेक्टर उशिरा उघडू लागला, मिश्रण लीन झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, आणि आरपीएम वरखाली डोलायला लागला. लोक मग कॅमशाफ्टला दोष देतात. म्हणून ईसीयूचं सॉफ्टवेअर उघडून पाहावं: व्होल्टेजनुसार, आणि शक्य तर इंधनाच्या दाबानुसार, इंजेक्टरच्या या वेळेचा तक्ता भरता येतो का? इंजेक्टर बनवणाऱ्याने ते आकडे दिले आहेत का? घोडाशक्तीच्या गप्पांपेक्षा ही चौकशी जास्त कामाची आहे.

आता हवा मोजण्याकडे वळू. पहिली पद्धत मास एअरफ्लो सेन्सरची. यात हवेच्या प्रवाहात एक तापलेली तार किंवा पट्टी असते. ती गरम ठेवायला जितका करंट लागेल तितकी हवा गेली, असा हिशेब. थेट मोजमाप होत असल्याने छोटे बदल ही पद्धत सहज पचवते. पण या सेन्सरला कमाल मर्यादा असते. टर्बोने त्यापलीकडे हवा ओढली की सिग्नल वरच्या टोकाला अडकतो आणि संगणकाला पुढची वाढ दिसतच नाही.

दुसरी पद्धत मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचं तापमान मोजून वायूच्या नियमाने हवेचं वजन काढण्याची. ट्यूनर तिला स्पीड-डेन्सिटी म्हणतात. इथे प्रत्येक आरपीएमला आणि दाबाला सिलिंडर खरोखर किती भरतो, याचा तक्ता लागतो आणि तो तुमच्याच इंजिनावर बसून भरावा लागतो. मूळची बिनटर्बोची गाडी असेल तर तिचा दाबाचा सेन्सर वातावरणाच्या दाबाच्या जरा वरपर्यंतच वाचतो, त्यामुळे तो बदलणं आलंच. तिसरी पद्धत फक्त थ्रॉटलच्या कोनावरून अंदाज बांधण्याची. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल असलेल्या बिनटर्बो इंजिनात दाबाचा सिग्नल गोंधळलेला असतो, तिथे ती चालते. टर्बोला एकटी पुरत नाही, कारण थ्रॉटल तेवढाच असताना बूस्ट बदलू शकतो.

हे कळलं की निवड बरीच सोपी होते. मूळ सेन्सरच्या मर्यादेत इंजिन बसत असेल, किंवा सेन्सर बदलून मूळ ईसीयूत नवे आकडे भरता येत असतील, तर मी रीमॅपच, म्हणजे मूळ ईसीयूतलेच तक्ते बदलणं, सुचवेन. त्याला उगाच कमी लेखलं जातं. थंडीत पहाटे गाडी सुरू होणं, उंच घाटात न अडखळणं, एसी लावल्यावर आयडल न पडणं, यामागे कंपनीच्या इंजिनिअरांची वर्षांची मेहनत असते, आणि रीमॅपमध्ये ती शाबूत राहते. १९७९ साली बॉशच्या मोट्रॉनिकने इंधन आणि इग्निशन एकाच संगणकाकडे सोपवलं. तेव्हापासून कारखान्याचे ईसीयू इतके पुढे गेले आहेत की थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांत त्यांना बदलणं हे मोठंच काम होऊन बसतं. तिथे इंधनाचा दाब २०० बारच्या घरात असतो, इंजेक्टर झटकन उघडायला बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज लागतं, आणि हे सगळं नव्या ईसीयूला सांभाळावं लागतं.

पिगीबॅक पेटीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ती सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसून सिग्नल बदलते, म्हणजे संगणकाला खोटी माहिती पुरवते. मूळ ईसीयू एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या लॅम्डा सेन्सरवरून आपली चूक सुधारत असतो, आणि काही दिवसांत पिगीबॅकने केलेला बदल तो हळूहळू पुसून टाकू शकतो.

मूळ संगणक कुलूपबंद असेल, इंजिन दुसऱ्याच गाडीचं असेल किंवा गाडी फक्त ट्रॅकसाठी असेल, तर स्टँडअलोन, म्हणजे मूळच्या जागी बसणारा स्वतंत्र, ईसीयू घ्यावा. मग मात्र क्रँकवरच्या दातेरी चकतीपर्यंत जाऊन चौकशी करावी लागते. बऱ्याच गाड्यांत तिला ६० दातांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. त्या फटीवरून संगणकाला क्रँकची स्थिती कळते. दोन दातांमधलं अंतर ६ अंशांचं, आणि ६००० आरपीएमला एक अंश म्हणजे २८ मायक्रोसेकंद. तुमच्या इंजिनाची क्रँक आणि कॅमची नेमकी रचना त्या ईसीयूला ओळखता येत नसेल, तर बाकीची यादी वाचायचं कारण नाही.

नॉकिंगबाबतही, म्हणजे मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता आपोआप पेटून होणाऱ्या ठोक्यांबाबतही, असंच. ८६ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये नॉकिंगचा आवाज साधारण ६.७ किलोहर्ट्झला उठतो. फोर्ज्ड पिस्टन बसवले की त्यांची खडखड त्यात मिसळते. ईसीयूला ठरावीक वारंवारितेवर, आणि क्रँकच्या ठरावीक कोनांतच, ऐकता आलं पाहिजे. तेल किंवा इंधनाचा दाब पडला, भर बूस्टमध्ये मिश्रण लीन झालं, तर क्षणात बूस्ट सोडून देण्याची सोय मी सगळ्यात वर ठेवेन. सेन्सर आणि वायरिंगचा खर्चही याच हिशेबात धरा. ब्रेकचं एबीएस आणि डॅशबोर्ड इंजिनाकडून कॅन बसवर (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या सामाईक तारांवर) संदेशांची वाट पाहत असतात; नवा ईसीयू ते पाठवतो का, हे विकत घेण्याआधी विचारा. रस्त्यावरच्या गाडीला प्रदूषणाचे नियम सुटत नाहीत, तेव्हा एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिस्ट चालेल असं ट्यूनिंग जमणार का, हेही.

मग ब्रँड? हॅलटेक, लिंक, मोटेक, किंवा स्वतः जोडणी करायची हौस असेल तर मेगास्क्वर्ट, यातला जो तुमच्या ट्यूनरच्या हाताखालून रोज जातो तो. गाडी डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरवर) चढवण्याआधी त्याला एक काम आवर्जून करायला सांगा: सॉफ्टवेअरमध्ये इग्निशन १० अंशांवर बांधून ठेवायचं आणि टायमिंग लाइटने क्रँक पुलीवरची खूण पाहायची. पुलीवर १० ऐवजी १६ दिसत असतील, तर संगणक एक दात चुकीचा मोजतो आहे, आणि तो दुरुस्त होईपर्यंत बूस्टला हात लावायचा नाही.