सर्किटच्या आकृतीतील चिन्हांचा आकार : पार्श्वभूमी

चित्र काढण्याच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये चौकोनाचा कोपरा धरून ओढला की तो लहानमोठा होतो. सर्किटच्या आकृत्या काढणाऱ्या किकॅडमध्ये मात्र कागदावर ठेवलेले रेझिस्टरचे, म्हणजे विजेच्या प्रवाहाला अडवणाऱ्या भागाचे, चिन्ह फिरवता येते, आरशातल्याप्रमाणे उलटवता येते, पण ओढून लहान करता येत नाही. नवख्याला ही उणीव वाटते. गंमत अशी की संगणकावरील आरेखनाच्या अगदी आरंभी ही सोय होती.

त्याआधी ड्रॉइंग बोर्डावर चिन्हांच्या खाचा असलेली प्लास्टिकची स्टेन्सिल वापरत आणि चिन्हाचा आकार त्या खाचेएवढाच राही. तरीही अमेरिकेतील आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ‘३१५’ या १९७५ च्या मानकाने प्रमाण राखून चिन्ह हव्या त्या आकारात काढण्यास मुभा दिली होती. आकृती वाचणारा माणूस असल्याने त्यात धोका नव्हता. रेषा पिनेपासून, म्हणजे चिन्हाच्या जोडणीच्या टोकापासून, केसभर अलीकडे थांबली, तरी ती कुठे जोडायची हे त्याला कळत असे.

अमेरिकेतील एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये टीएक्स-२ या संगणकावर सादर केलेल्या ‘स्केचपॅड’मध्ये मूळ चिन्हाची प्रत्येक प्रत जागा, कोन आणि आकार यांसह साठवली जाई. रेषा चिन्हाच्या ठरलेल्या जोडबिंदूंना बांधलेल्या असत, त्यामुळे चिन्ह हलवले तरी त्या सोबत येत. म्हणजे जोडणी हे तिथे एक नाते होते, निव्वळ जागेचा योगायोग नव्हे.

पुढे १९८० च्या दशकात ऑरकॅड आणि ईगल या सर्किट आरेखनाच्या सॉफ्टवेअरबरोबर हे काम साध्या पीसीवर आले, आणि ०.१ इंचाचे, म्हणजे १०० मिलचे (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ग्रिड, म्हणजे आखीव चौकटींचे जाळे, रूढ झाले. फ्रान्समध्ये जाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या किकॅडनेही तीच वाट धरली. पिनेचे टोक आणि वायर नेमक्या एका बिंदूवर आली तरच ती जोडलेली, असा त्याचा साधा हिशेब आहे.

किकॅडच्या जुन्या फायलीत प्रत्येक चिन्हाच्या नोंदीखाली ‘१ ० ० -१’ असे चार आकडे दिसत. गणिताच्या दृष्टीने हे रूपांतराचे कोष्टक आहे, आणि १ च्या जागी ०.९ लिहिले असते तर चिन्ह लहान झाले असते. प्रत्यक्षात त्या जागी १, ० आणि -१ एवढेच चालत, म्हणजे फिरवणे आणि उलटवणे. आकारासाठी खुर्ची मांडलेली होती, पण तिच्यावर कोणालाही बसू दिले नाही.

का, ते एका रेझिस्टरवरून कळते. नेहमीच्या चिन्हात दोन्ही टोके मध्यापासून १५० मिलवर असतात. चिन्ह १० टक्के लहान केले तर ती १३५ वर येतील, आणि १५० वर थांबलेली वायर १५ मिल, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर दूर राहील. झूम कमी असताना पडद्यावर ती टेकलेलीच भासेल, पण नेटलिस्टमध्ये, म्हणजे कोणते टोक कशाला जोडले आहे याच्या यादीत, जोडणी नसेल. पाऊणपट केले तर टोके ११२.५ वर येतात, आणि जुन्या फायलीत अर्ध्या मिलची सोयच नव्हती. नव्या आवृत्त्यांत याहून कितीतरी सूक्ष्म माप साठवता येते, पण ग्रिडची शिस्त तशीच आहे. माझ्या मते ती योग्यच आहे, कारण सर्किट बोर्ड तयार होऊन हातात आल्यावर सापडणारी तुटकी जोडणी फार महाग पडते.

लहान चिन्ह हवे असणाऱ्यांसाठी किकॅडच्या संग्रहात ‘आर-स्मॉल’ हे वेगळे चिन्ह आहे. त्याची टोके ३०० ऐवजी २०० मिल अंतरावर, म्हणजे पुन्हा ग्रिडवरच पडतात. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाचे ई-सिम हे सर्किट आरेखनाचे सॉफ्टवेअर किकॅडच्याच आधारावर उभे असल्याने तिथल्या आकृत्यांनाही हीच शिस्त लागू पडते. दुसरी युक्ती कागदाची आहे. आकृती ए-३ पानावर मांडायची आणि ए-४ वर छापायची. सर्व काही सुमारे ७१ टक्के होते, जोडण्या शाबूत राहतात आणि १.२७ मिलिमीटरची अक्षरे ०.९ मिलिमीटरवर येतात, जी वाचायला चांगला उजेड लागतो.