वाऱ्याची वीज बॅटरीत : ‘कटआऊट’ ते हीटर

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एखाद्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनसमोर ‘कटआऊट’ म्हणा, त्याला लगेच कळेल. डायनामोवाल्या जीपला, ट्रॅक्टरला ही काळी डबी असायची. झाकण काढलं की आत तांब्याच्या तारेची गुंडाळी, वर लोखंडी पत्ती आणि जळून काळे पडलेले पॉइंट. काचकागदाने ते घासले की गाडी पुन्हा चार्जिंग घ्यायची. डायनामो मंदावला की ही डबी जोडणी तोडायची. नाहीतर बॅटरीतली वीज उलटी फिरून डायनामोलाच मोटर बनवते.

पवनचक्कीवाल्यांनाही सुरुवातीपासून हीच पंचाईत. १८८७ साली स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथने पवनचक्कीवर बॅटऱ्या भरून घरात दिवे लावले. पुढच्या वर्षी अमेरिकेत क्लीव्हलँडला चार्ल्स ब्रशने १७ मीटर व्यासाचं, १४४ पात्यांचं चाक उभारलं. तळघरात ४०८ सेल. चाकाने पुरेसा वेग घेतल्यावरच डायनामो आपोआप जोडला जाई आणि दाब ९० व्होल्टपुढे जात नसे. माणूस शेजारी उभा न करता हे चालत होतं, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

१९३०च्या दशकात अमेरिकेतल्या शेतांवर ३२ व्होल्टचे पवनचक्की-संच होते. फील्ड कॉइलचा, म्हणजे डायनामोत चुंबकत्व तयार करणाऱ्या गुंडाळीचा, प्रवाह कमी केला की डायनामो कमी वीज देई. लगाम हातात होता. पुढे कटआऊटची जागा वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडने घेतली आणि घरगुती चक्क्यांत कायम चुंबकाचे अल्टरनेटर आले. कार्यक्षम, बिनब्रशचे. पण फील्ड कॉइलच गेली, तिच्याबरोबर लगामही गेला.

खरी गोम इथे आहे. सोलर पॅनल बॅटरी भरल्यावर सोडून दिलं तरी ते निवांत पडून राहतं. चक्कीचं तसं नाही. लोड काढला की पाती बेफाम फिरतात, व्होल्टेज चढतं आणि सोलरचा कंट्रोलर (बॅटरी भरली की चार्जिंग तोडणारी डबी) जोडला असेल तर तो जळतो. ‘कंट्रोलर तो कंट्रोलर’ म्हणून बाजारातून उचलणारे इथेच फसतात. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते. म्हणून जोरदार वाऱ्यात शेपूट दुमडून चाकाला तिरकं करण्याची युक्ती आली, आणि बॅटरी भरली की चक्की तशीच जोडलेली ठेवून जास्तीची वीज हीटर कॉइलमध्ये जाळायची पद्धत रूढ झाली. यालाच डम्प लोड म्हणतात. आधी रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, मग ट्रान्झिस्टरने सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून.

१२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीला साधारण १४.४ व्होल्टला बुडबुडे येऊ लागतात. उन्हाळ्यात, नाशिकचा पारा चाळिशीला टेकल्यावर, चार्जिंगची ही मर्यादा तीन-चार दशांश व्होल्टने खाली आणावी लागते. नाहीतर पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात. पेठ-सुरगाण्याच्या घाटमाथ्यावर कसोटीचे दिवस मात्र आषाढातले. ढगांमुळे सोलर थंडावतं, वारा रात्रंदिवस वाहतो, आणि पाड्यावरच्या दोन दिव्यांना एवढी वीज लागतच नाही.

आता लिथियम बॅटऱ्या येताहेत. त्यांचं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) सेल वाचवायला एका झटक्यात जोडणी तोडतं, म्हणजे नेमकं तेच, जे चक्कीला चालत नाही. तिथे हीटर बीएमएसच्या आधी चालू होईल असा सेट करावा लागतो, आणि तो बॅटरीच्या नव्हे, चक्कीच्या बाजूला जोडावा लागतो.