सांबा शेअरला ७७७ लागत नाही

लिनक्स सर्व्हरवरचं फोल्डर नेटवर्कवरून विंडोजला वापरू देणारं सॉफ्टवेअर म्हणजे सांबा, आणि असं वाटून दिलेलं फोल्डर म्हणजे शेअर. विंडोजमधून तिथे फाइल सेव्ह होत नसेल तर ‘७७७ देऊन टाक’, म्हणजे वाचणं, लिहिणं, चालवणं अशी सगळी परवानगी सगळ्यांना दे, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. कृपा करून पाळू नका. सर्व्हरवर लॉगिन असलेला कुणीही मग तुमच्या फाइली पुसू शकतो.

सांबात शेअरची परवानगी आणि फोल्डरची परवानगी, दोन्ही लागू होतात; जी कडक, ती चालते. म्हणून सगळ्यांचा एक ग्रुप करा, फोल्डर त्याच्या नावे करून २७७० द्या, म्हणजे मालकाला आणि ग्रुपला सगळी परवानगी, बाकीच्यांना काहीच नाही. सुरुवातीचा २ नव्या फाइलींनाही तोच ग्रुप लावतो.

खरी मेख पुढे आहे. सांबाचा क्रिएट मास्क (नव्या फाइलीला जास्तीत जास्त किती परवानगी मिळेल ते ठरवणारी सेटिंग) मुळात ०७४४ असतो, त्यामुळे एकाने बनवलेली फाइल दुसऱ्याला नुसती वाचता येते. तो ०६६० करा, आणि नव्या फोल्डरांसाठीचा डिरेक्टरी मास्क २७७०. फेडोरा लिनक्सवर एसईलिनक्स ही या परवानग्यांपलीकडची सुरक्षा यंत्रणा अडवत असेल, तर ७७७ नेही काही हलत नाही. फोल्डरला एसईलिनक्सचं सांबासाठीचं लेबलच लावावं लागतं.