ड्रेनेजला पाणी सोडणाऱ्या उद्योगांनी पाण्याचा हिशेब कोणाला, कधी आणि कसा द्यायचा?

"आमचं ड्रेनेज कनेक्शन अधिकृत आहे, मिळकतकर वेळेवर भरतो, मग पाण्याचा हिशेब आणखी कोणाला द्यायचा?"

पुण्याच्या धायरी, नऱ्हे, शिवणे, हडपसर आणि पर्वती इंडस्ट्रियल इस्टेट भागातल्या लहान कारखानदारांकडून हा प्रश्न मी सतत ऐकतो. प्रश्नात राग असतो आणि तो समजण्यासारखाही आहे. पण इथे दोन परवानग्यांची गल्लत होते. नळी जोडायला परवानगी महापालिका देते. त्या नळीतून काय आणि किती जाईल, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ संमतीपत्र देऊन ठरवतं. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २५ मध्ये प्रवाह, विहीर आणि जमीन यांच्या जोडीला सांडपाण्याचं गटारही नाव घेऊन लिहिलेलं आहे. त्यामुळे "नदीत कुठे सोडतोय, ड्रेनेजला तर सोडतोय" हा बचाव टिकत नाही.

हे तुम्हाला लागू आहे का?

कायद्यात 'औद्योगिक सांडपाणी' याचा अर्थ फार व्यापक आहे. उद्योग, व्यवसाय किंवा प्रक्रिया चालणाऱ्या जागेतून बाहेर पडणारं, घरगुती सांडपाणी सोडून बाकी सगळं त्यात येतं. प्लेटिंग, फॉस्फेटिंग, डाइंग यांचं पाणी उघडच येतं. गाड्या धुण्याचा रॅम्प, मोठी लॉन्ड्री, डेअरी, खाद्यपदार्थांचं युनिट हेही सुटत नाहीत. हॉस्पिटलांना जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतल्या वेगळ्या मर्यादा आहेत. मात्र शेवटी प्रक्रिया केंद्र असलेल्या सार्वजनिक ड्रेनेजला पाणी जात असेल, तर त्यांनाही सर्वसाधारण मर्यादाच लागतात.

उद्योगाची वर्गवारी लाल, नारिंगी, हिरवी, पांढरी अशी रंगांनी होते. तुमचा रंग मंडळाच्या यादीत आधी शोधा, कारण शुल्क, मुदत आणि कागद त्यावर ठरतात. पांढऱ्या गटाला संमतीपत्राची गरज नाही. पण फक्त असेंब्ली म्हणून पांढऱ्यात नोंदवलेल्या शेडच्या मागे पिकलिंगची (धातू आम्लात धुण्याची) टाकी असेल, तर तो गट तुमचा नाही.

आधी नळी ओळखा

अर्जाला हात लावण्याआधी एक काम करा. तुमच्या आवारातलं शेवटचं चेंबर नेमकं कशाला जोडलंय ते पाहा. पुण्यात ड्रेनेज लाइन वेगळी आणि पावसाळी गटार वेगळं. ड्रेनेजचं पाणी भैरोबा, नायडू, मुंढवा, खराडी, विठ्ठलवाडी अशा एखाद्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात जातं. पावसाळी गटाराचं पाणी ओढ्यातून सरळ नदीला मिळतं. जुन्या शेडमध्ये ही खात्री नकाशावर होत नाही. चेंबरमध्ये रंगीत पाणी ओतायचं आणि रस्त्यावरची पुढची झाकणं उघडून तो रंग कुठे निघतो ते बघायचं.

याचं कारण मर्यादांमध्ये आहे. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या अनुसूचीत सार्वजनिक गटारासाठी बीओडी (पाण्यातलं सेंद्रिय पचवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ३५० मिलिग्रॅम प्रतिलिटर, तरंगते घन पदार्थ ६००, तेल आणि ग्रीस २०, तर पीएच ५.५ ते ९ अशा मर्यादा आहेत. तेच पाणी नदी-ओढ्यात जाणार असेल तर बीओडी ३०, तरंगते घन पदार्थ १०० आणि तेल-ग्रीस १०. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमला गटारात २ आणि नदीत ०.१. म्हणजे एका चुकीच्या चेंबरमुळे हिशेब वीसपट कडक होतो.

गटाराला ही सवलत मिळते ती पुढे जिवाणू काम करतात या भरवशावर. शुद्धीकरण केंद्रातल्या जिवाणूंना जेवणातलं सेंद्रिय पचतं, पण क्रोमियम आणि सायनाइड त्यांना मारतं. ग्रीस तिथपर्यंत पोचतच नाही, वाटेत साचून लाइन तुंबवते. आम्लाचं पाणी आणि सल्फाइड एकत्र आले की चेंबरमध्ये विषारी वायू होतो, आणि त्या चेंबरमध्ये कोणी ना कोणी कामगार उतरत असतो.

आणखी एक गोष्ट. हे अनुसूचीतले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या संमतीपत्रात मंडळाने बीओडी १०० किंवा ३० छापलं असेल, तर तुम्हाला तेच बंधनकारक. काही युनिटांना ड्रेनेजला एक थेंबही न सोडण्याची, सगळं पाणी पुन्हा वापरण्याची अट असते. संमतीपत्र कपाटात ठेवायचं नसतं, वाचायचं असतं.

अर्ज आणि कागद

अर्ज मंडळाच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो. प्रत्येक अर्जाला एक युनिक नंबर मिळतो, पुढची सगळी पत्रं त्याच नंबरावर फिरतात. टप्पे दोन. बांधकाम किंवा यंत्रं बसवण्याआधी स्थापनेची संमती, आणि उत्पादन सुरू करण्याआधी चालवण्याची संमती. घातक कचऱ्याची परवानगी आपल्याकडे त्याच संमतीत एकत्र मिळते.

स्थापनेच्या अर्जाला जागेचा कागद (सातबारा, इंडेक्स टू किंवा भाडेकरार), उद्यम नोंदणी, आवाराचा नकाशा, उत्पादनाची प्रक्रिया दाखवणारा तक्ता, ईटीपीची (कारखान्यातलं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संचाची) योजना, भांडवली गुंतवणुकीचा सीएचा दाखला आणि ड्रेनेज जोडणीबाबत महापालिकेचं पत्र तयार ठेवा. शुल्क गुंतवणुकीवर ठरतं, म्हणून सीएच्या दाखल्यातला आकडा आणि ताळेबंद जुळायला हवा. दुसऱ्या टप्प्यात ईटीपी उभा झाल्याचे फोटो, फ्लो मीटर, पाण्याची आणि विजेची बिलं, आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राचं सभासदत्व लागतं. पुणे जिल्ह्यात ते केंद्र रांजणगावला आहे.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते पाण्याच्या ताळेबंदावर. आत किती पाणी आलं, त्यातलं किती उडालं, किती मालात गेलं, किती माणसांनी वापरलं, उरलेलं कुठे गेलं, एवढंच लिहायचं असतं. तरी सल्लागार दुसऱ्याच फाइलमधला तक्ता चिकटवतात. मी स्वतः एका पावडर कोटिंगच्या अर्जात दुधाच्या टँकर धुण्याचं पाणी दाखवलेलं पाहिलं आहे.

संमती मिळाल्यावरचा खरा हिशेब

नियमित कळवायच्या गोष्टी मोजक्या आहेत. ईटीपीची रोजची नोंदवही: आत-बाहेरचा प्रवाह, पीएच, किती चुना आणि किती रसायन टाकलं, मीटर रीडिंग. संमतीपत्रात लिहिलेल्या अंतराने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, फॉर्म चार, ३० जूनपर्यंत. पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पाच, ३० सप्टेंबरपर्यंत. मोठ्या प्रदूषणकारी म्हणून ठरवलेल्या १७ प्रकारच्या उद्योगांना याशिवाय ऑनलाइन सेन्सर बसवून आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरला पाठवावे लागतात.

पूर्वी पाणी उपकराचं मासिक विवरणही असायचं. जीएसटी आल्यावर जुलै २०१७ पासून तो उपकर गेला. तरी संमतीपत्रात थंड करण्यासाठी, घरगुती आणि प्रक्रियेसाठी अशी पाण्याची जुनी विभागणी अजून छापून येते. ती शोभेची नाही, फॉर्म पाच त्याच रकान्यांवर भरायचा असतो.

फॉर्म पाचवर थोडं थांबू, कारण बहुतेक जण तो मागच्या वर्षीचा कॉपी करून तारीख बदलतात. काळ १ एप्रिल ते ३१ मार्च. भाग ब मध्ये पाणी आणि कच्चा माल, तेही उत्पादनाच्या दर नगाला किती लागलं ते. भाग क मध्ये बाहेर पडलेलं प्रदूषण, दिवसाला किती किलो आणि किती तीव्रतेचं. पुढे घातक आणि घन कचरा, आणि शेवटी खर्च आणि पुढच्या सुधारणा.

भाग क कसा भरायचा? समजा, तुमचं रोजचं औद्योगिक सांडपाणी ८ घनमीटर आहे (बोलताना सगळे याला ८ सीएमडी म्हणतात). वर्षभराच्या अहवालांचा सरासरी बीओडी १२० मिलिग्रॅम प्रतिलिटर आला. १२० ला ८ ने गुणा, ९६० ग्रॅम, म्हणजे दिवसाला ०.९६ किलो. संमतीपत्रातली मर्यादा १०० असेल तर तुम्ही २० टक्क्यांनी वर आहात. शेवटचा रकाना हा फरक आणि त्याचं कारण विचारतो. तिथे 'निरंक' लिहू नका. ब्लोअर दोन महिने बंद होता, आता बदलला, असं खरं कारण लिहा. अहवाल मंडळाकडे आधीच असतात.

तपासायला आलेला अधिकारी एकेक कागद वेगळा वाचत नाही. तो कागद शेजारी ठेवून वाचतो. संमती रोजच्या १० घनमीटर पाण्याची आहे, आणि वर्षाच्या टँकरच्या पावत्या दहा हजार लिटरच्या ४५० निघाल्या. ३०० कामाच्या दिवसांनी भागलं की रोजचे १५ घनमीटर होतात. ईटीपीला वेगळं वीजमीटर लावणं ही नेहमीची अट. पंप आणि ब्लोअर मिळून दोन किलोवॉट, रोज आठ तास, म्हणजे १६ युनिट. वर्षाला ४,८०० व्हायला हवेत आणि मीटर ९०० दाखवत असेल, तर नोंदवहीतल्या सुबक अक्षरांवर कोण विश्वास ठेवणार? तसंच ईटीपीत उरणाऱ्या चिखलाचं. रोज चुना पडतो, साका बसतो असं लिहिलंय, पण वर्षभरात रांजणगावला एक गोणीही गेली नाही. हा रासायनिक साका घातक कचऱ्याच्या यादीत ३५.३ या क्रमांकाने येतो आणि त्याची प्रत्येक फेरी मॅनिफेस्टवर (घातक कचरा वाहून नेण्याच्या कागदावर) नोंदवली जाते. मग तो गेला कुठे? या प्रश्नाला उत्तर नसेल तर फॉर्म चार आणि फॉर्म पाच दोन्ही खोटे ठरतात.

म्हणून फॉर्म भरण्याआधी पाण्याची बिलं, फ्लो मीटर, वीजमीटर, रसायनाची खरेदी आणि मॅनिफेस्ट एका टेबलावर मांडा. जिथे आकडा जुळत नाही तिथे आधी स्वतःच कारण शोधा. आणि आकडा खाली आणायला ताजं पाणी मिसळू नका. मिलिग्रॅम कमी होतात, घनमीटर वाढतात, किलो तेवढेच राहतात.

शेवटचं चेंबर आणि नमुना

संमतीपत्राच्या सर्वसाधारण अटींमध्ये एक वाक्य असतं, ज्याकडे कोणी बघत नाही. औद्योगिक आणि घरगुती सांडपाण्याच्या लाइन वेगळ्या हव्यात, शेवटी प्रवाह मोजता येईल असं टर्मिनल मॅनहोल हवं, आणि त्याच्या पुढे कुठलंही पाणी लाइनला मिळता कामा नये. पावसाचं पाणीही त्यात मिसळायचं नाही. कँटीनची नळी मॅनहोलनंतर जोडलेली असणं हा आपल्याकडचा नेहमीचा दोष, आणि तो दुरुस्त करायला एका गवंड्याचे दोन दिवस पुरतात.

मंडळाचे अधिकारी नमुना घेतात त्याला बोलण्यात जेव्हीएस म्हणतात. त्याच जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ नुसार नमुना घेताना जागेवरच नोटीस द्यावी लागते. नमुना तुमच्यासमोर दोन भागांत करून दोन्ही भाग सीलबंद करतात आणि त्यावर दोघांच्याही सह्या होतात. दुसरा भाग राज्य प्रयोगशाळेत पाठवायची मागणी तुम्हाला करता येते. ती त्याच वेळी करा. मालक बाहेरगावी आहे म्हणून शिपायाने सही करून मोकळं व्हायचं, हे नंतर महागात पडतं. कोण सही करणार ते आधी ठरवून ठेवा.

बिघाड झाला तर

ईटीपी बंद पडला तर त्याला जोडलेली प्रक्रिया थांबवायची, ही संमतीपत्राचीच अट आहे. टाकी फुटली, आम्ल ड्रेनेजमध्ये गेलं, तर कलम ३१ प्रमाणे लगेच कळवावं लागतं. मंडळासोबत पोलीस ठाणं, कारखाना निरीक्षक, आरोग्य विभाग आणि महापालिका यांनाही. आधी फोन करा आणि त्याच दिवशी ईमेल करा, म्हणजे वेळेचा पुरावा राहतो. ड्रेनेजचा फोन विसरू नका. खाली माणूस उतरलेला असू शकतो.

न कळवता पाणी गेल्याचं उघड झालं, तर कलम ३३ अ खाली वीज-पाणी तोडण्याचा किंवा युनिट बंद करण्याचा आदेश निघू शकतो. भरपाईचं केंद्रीय मंडळाचं सूत्रही आहे: प्रदूषण निर्देशांक, दिवस, २५० रुपये, उद्योगाचा आकार आणि शहराची लोकसंख्या यांचा गुणाकार. नारिंगी गटातलं लहान युनिट, १० दिवसांचं उल्लंघन, पुण्याएवढं शहर: ५० गुणिले १० गुणिले २५० गुणिले ०.५ गुणिले १.२५, म्हणजे ७८,१२५ रुपये. लाल गटाला ५० च्या जागी ८० येतात.

संमती नाकारली किंवा न झेपणारी अट घातली, तर कलम २८ नुसार आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी टाकायचा असतो. त्याला जुनं संमतीपत्र, फॉर्म चार आणि पाचच्या पोचपावत्या, प्रयोगशाळेचे अहवाल, बँक गॅरंटी असल्यास तिची प्रत आणि सीएचा नवा दाखला जोडायचा. जेव्हीएसच्या तपासणीचं शुल्क थकलं नाही ना, ते त्याआधी बघून घ्या. मंडळाचं प्रादेशिक कार्यालय वाकडेवाडीला जोग सेंटरमध्ये आहे. तुमचं युनिट पुणे एक, पुणे दोन की पिंपरी-चिंचवड उपप्रादेशिक कार्यालयाच्या हद्दीत येतं, ते संमतीपत्रावर आधी बघा आणि मगच गाडी काढा.