लंडनमध्ये वेडा, पॅरिसमध्ये शहाणा

1843 च्या उन्हाळ्यात लंडनमधल्या ज्युरीने डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंब्रे याला वेडा ठरवलं. सप्टेंबरात तो निसटून पॅरिसला पोचला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला तपासून शहाणा असल्याचा दाखला दिला. मधे गेले होते जेमतेम काही आठवडे.

डाइस सोंब्रे हा मेरठजवळच्या सरधन्याची जहागीरदार बेगम समरू हिचा वारस. 1836 मध्ये बेगम वारली. जहागीर कंपनी सरकारने घेतली, तरी सुमारे पाच लाख पौंड त्याच्या हाती आले. तो विलायतेला गेला, 1840 मध्ये तिथल्या एका उमरावाच्या मुलीशी लग्न केलं, पुढच्या वर्षी पार्लमेंटवर निवडूनही आला. लाचखोरीमुळे ती निवडणूक मग रद्द झाली.

लग्नानंतर संशयाने त्याला घेरलं. बायकोचं परपुरुषांत मिसळणं त्याला सहन होईना. तिच्यावर नको ते आळ घेऊन तो लोकांना द्वंद्वयुद्धाची आव्हानं देऊ लागला. शेवटी त्याला लंडनच्या क्लॅरेंडन हॉटेलात पहाऱ्यात ठेवलं गेलं. चौकशीत खरा वाद एकाच मुद्द्यावर होता: हा आजार, की पडद्याच्या रिवाजात वाढलेल्या नवऱ्याचा संताप?

त्या काळच्या वैद्यकात ‘मोनोमेनिया’ ही कल्पना जोरात होती. फ्रेंच डॉक्टर एस्किरोल यांनी ती रुजवली. माणूस एकाच विषयापुरता वेडा असतो, एरवी ठीक, असं तिचं सांगणं. त्यामुळे नीट बोलून, हिशेब चोख ठेवूनही सुटका नव्हती. ‘मी वेडा नाही’ म्हणावं, तर तेही वेडाचंच लक्षण मानलं जाण्याची भीती. आज मानसोपचारात एखाद्या समजुतीला भ्रम म्हणण्याआधी ती त्या माणसाच्या समाजात रूढ आहे का, हे पाहतात. मला वाटतं, तो खरंच आजारी असावा. त्याचे आळ रिवाजाच्या फार पुढे गेले होते. पण म्हणून त्याच्यावरचा अन्याय कमी होत नाही. निकालाबरोबर त्याचा पैसा चॅन्सरी कोर्टाच्या, म्हणजे वेड्या ठरलेल्यांची मालमत्ता सांभाळणाऱ्या कोर्टाच्या, ताब्यात गेला आणि स्वतःच्याच संपत्तीतून त्याला ठरावीक भत्ता मिळू लागला.

आपण शहाणे आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्याने 1849 मध्ये पॅरिसला एक जाडजूड पुस्तक छापलं. इंग्लंडमधला निकाल फिरला नाही. 1 जुलै 1851 ला तो लंडनमध्ये वारला. मृत्युपत्रात त्याने सरधन्याला शाळा काढण्यासाठी पैसा ठेवला होता. बायको आणि बहिणींनी त्याला हरकत घेतली. 1856 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या वरिष्ठ अपील न्यायालयाने, निर्णय दिला: बायकोविषयीचा भ्रम शेवटपर्यंत कायम होता, सबब मृत्युपत्र रद्द.

पुढे 1870 मध्ये इंग्लंडच्याच न्यायालयाने, ज्या भ्रमाचा मालमत्तेच्या वाटणीवर परिणाम झालेला नाही त्याने मृत्युपत्र बाद होत नाही, असं ठरवलं. डाइस सोंब्रेला त्याचाही उपयोग झाला असता असं नाही, कारण त्याचा भ्रम बायकोबद्दलच होता. सरधन्याची शाळा मात्र त्या भ्रमातून आलेली नव्हती. तिच्यासाठीचा पैसाही मृत्युपत्राबरोबरच गेला.