लेसर हार्डनिंग: पोलादावर एक, ॲल्युमिनियमवर दुसरेच

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे औद्योगिक भागातल्या शॉपमध्ये कधीकधी असे ड्रॉइंग येते: मटेरियल ६०६१-टी६, म्हणजे ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू, आणि कोपऱ्यात टीप, 'या जागी लेसर हार्डनिंग, ५५ एचआरसी'. म्हणजे लेसरने पृष्ठभाग कडक करायचा आणि रॉकवेल सी या मापावर ५५ कडकता आणायची. ईएन ८ या पोलादाच्या जुन्या ड्रॉइंगवरची ओळ कुणीतरी जशीच्या तशी उचललेली असते. बेळगावचा हात बिडावर आणि पोलादावर बसलेला, त्यामुळे ही टीप वाचताना कुणी थबकतही नाही. पण ॲल्युमिनियमवर ५५ एचआरसी मिळत नाही. लेसर कमी पडतो म्हणून नव्हे. पोलाद ज्या कारणाने कडक होते, ते कारणच ॲल्युमिनियममध्ये नसते.

चिक्कोडी-अथणीकडे ऊसतोडीच्या कोयत्याला लोहार पाणी देतो, तेव्हा जे घडते तेच लेसर पोलादावर घडवतो, फक्त पाण्याशिवाय. पृष्ठभाग न वितळवता साधारण १००० ते १२०० अंश सेल्सिअसपर्यंत नेला की तिथली स्फटिकरचना बदलते आणि कार्बन तीत विरघळतो. किरण पुढे सरकताच मागचा थंड गाभा उष्णता ओढून घेतो, कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि मार्टेन्साइट ही पोलादाची कडक रचना तयार होते. कडक थर ०.५ ते १.५ मि.मी. मिळतो. त्यासाठी कार्बन ०.३५ टक्क्यांच्या आसपास तरी हवा, आणि उष्णता ओढायला मागे पुरेशी जाडी हवी. बीड पर्लाइटी असेल, म्हणजे कार्बन लोखंडात बारीक पट्ट्यांनी पसरलेला असेल, तर काम छान होते. फेराइटी एसजी आयर्न या बिडाच्या प्रकारात कार्बन ग्राफाइटच्या गोळ्यांत बसलेला असतो आणि सेकंदभरात तो बाहेर येत नाही, म्हणून कडकपणा डागाडागांनी येतो. कड वितळली तर जॉब बाद.

ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळते आणि तोपर्यंत त्याची स्फटिकरचना एकच राहते. बदलायला रचनाच नाही, मग मार्टेन्साइट कुठून येणार? ६०६१ ची ताकद येते ती मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म कणांमुळे. सुमारे ५३० अंशांवर मूलद्रव्ये विरघळवायची, पाण्यात बुडवायचे, मग १६० ते १७५ अंशांवर काही तास ठेवून कण उगवू द्यायचे. हीच टी६ अवस्था. तिची ब्रिनेल कडकता साधारण ९५, आणि पूर्ण ॲनिल केलेल्या, म्हणजे तापवून मऊ केलेल्या, ६०६१ ची ३०. आता या टी६ जॉबवर लेसरने नुसता शेक दिला, तर काही ठिकाणी कण विरघळतात, काही ठिकाणी फुगून निकामी होतात. पट्टा कडक होण्याऐवजी मऊ पडतो, आणि पैसे देऊन मऊ केलेला जॉब परत येतो.

म्हणजे दोन्ही कामांत नियम उलटा आहे. पोलादावर पृष्ठभाग वितळला की काम बिघडले. ॲल्युमिनियमवर तो वितळलाच नाही, तर काम सुरूच झाले नाही.

वितळवण्याचे दोन प्रकार. पहिला साधा रिमेल्टिंगचा, म्हणजे थर वितळवून पुन्हा गोठू देण्याचा. एलएम ६, एलएम १३, एलएम २५ यांसारख्या सिलिकॉनवाल्या ॲल्युमिनियम कास्टिंगमध्ये सिलिकॉनच्या पात्या दहा-वीस मायक्रॉनच्या असतात. लेसरने वितळलेला थर इतक्या झटक्यात गोठतो की त्या एखाद्या मायक्रॉनपर्यंत बारीक होतात. कडकता व्हिकर्स मापावर १०० ते १३० एचव्हीच्या आसपास जाते. आकडा पोलादवाल्याला हसण्यासारखा वाटेल, पण डिझेल पिस्टनच्या माथ्यावरच्या खळग्याची (बाऊलची) कड उष्णतेने तडकू नये म्हणून रिमेल्टिंग करतात, तिथे हा बारीक दाणाच कामाला येतो.

दुसऱ्या प्रकारात वितळलेल्या थरात बाहेरून काही मिसळतात. निकेलची पावडर टाकली की कडक संयुगे बनतात आणि कडकता २५० एचव्हीच्या पुढे जाते. पावडर टाकताना हात सैल सुटला तर थर काचेसारखा तडकतो. सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळण्याचा मोह होतो, पण वितळलेल्या ॲल्युमिनियमशी त्यांची प्रक्रिया होऊन ॲल्युमिनियम कार्बाइड बनते, आणि ते पाण्याच्या संपर्कात विघटित होते. दमट जागी तो थर आपोआप पोखरला जातो. टायटॅनियम कार्बाइड त्या मानाने निभावते. याच कारणाने, पोलादावर किरण नीट शोषला जावा म्हणून ग्राफाइटचा फवारा मारण्याची सवय ॲल्युमिनियमच्या जॉबपासून दूर ठेवावी. वितळलेल्या थरात कार्बन आपणच घालतो.

मग शोषण वाढवायचे कसे? पॉलिश ॲल्युमिनियम १०.६ मायक्रॉनच्या कार्बन डायऑक्साइड लेसरचा जेमतेम काही टक्के भाग घेते. फायबर लेसर बरा. ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा डायोड त्याहून बरा. ग्रिट ब्लास्टिंगने पृष्ठभाग मॅट करावा आणि हेड ५ ते १० अंश कलते ठेवावे, नाहीतर परतलेला किरण ऑप्टिक्स जाळतो. धातू वितळताच शोषण एकदम वाढते. त्यातच उष्णता जॉबभर पसरत असल्याने पॉवर तीच ठेवली तर ओळीच्या सुरुवातीला वितळलेल्या धातूचे डबके उथळ आणि शेवटाला खोल होते. पोलादावर पायरोमीटरच्या, म्हणजे लांबून तापमान मोजणाऱ्या उपकरणाच्या, भरवशावर तापमान राखता येते. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो फसवतो. एक तुकडा कापून प्रत्यक्ष खोली मोजणे हाच भरवशाचा मार्ग.

सगळ्यात जास्त जॉब भोकांनी जातात. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये विरघळलेला हायड्रोजन धातू गोठताना बाहेर फेकला जातो आणि अडकला की भोक. हा हायड्रोजन ओलाव्यातून येतो, आणि बेळगावच्या पावसाळ्यात उघडी पडलेली पावडर ओली झालीच समजा. १०० अंशांच्या आसपास तास-दोन तास सुकवून लगेच वापरावी. जॉब ॲसिटोनने पुसून, फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवलेल्या स्टेनलेस ब्रशने घासावा. ब्रशने ऑक्साइडचा थर निघतो. यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइटपासून निघते ती अल्युमिना म्हणजे हेच ऑक्साइड, आणि ते २००० अंशांच्या पुढे वितळते. काम चालू असताना हवा दूर ठेवायला आर्गन वायू हवाच. प्रेशर डाय कास्टिंग, म्हणजे दाबाने साच्यात भरलेले कास्टिंग, मात्र घेऊच नये. त्यात हवा आधीच दाबून बसलेली असते. लेसर लागताच ती फुटून वर येते. ग्रॅव्हिटी डाय किंवा सँड कास्टिंग, तेही नीट डीगॅस केलेले, म्हणजे धातूतला वायू काढलेले, चालते.

६०६१ आणि ७०७५ हे मिश्रधातू गोठताना तडकतात, म्हणून नुसते रिमेल्टिंग त्यांच्यावर करू नये. वरच्या कास्टिंगसारखे भरपूर सिलिकॉन असलेले मिश्रधातू सोसतात. रिमेल्टिंगनंतर पूर्ण टी६ ही देऊ नये, कारण ५३०-५४० अंशांवर बारीक झालेले सिलिकॉन पुन्हा जाड होते आणि भोकांचे फोड येतात. १६०-१७० अंशांचे एजिंग, म्हणजे कण उगवू देण्याची पायरी, तेवढे करावे.

पोलादाचा लेसर केलेला भाग बऱ्याचदा ग्राइंडिंगशिवाय बसतो. ॲल्युमिनियमवर लाटा उठतात, म्हणून ०.३ ते ०.५ मि.मी. मटेरियल जास्त ठेवावे आणि थराची खोली मशिनिंगनंतरची मागावी. तपासणी व्हिकर्सवर, कमी भाराने, कापलेल्या तुकड्यावर. रॉकवेल सी चा काटा इथे काहीच सांगत नाही.

आणि वरच्या ६०६१ च्या जॉबला फक्त घर्षणाची झीज सोसायची असेल, तर लेसरपेक्षा हार्ड ॲनोडायझिंग, म्हणजे विजेने पृष्ठभागावर ऑक्साइडचा जाड थर वाढवणे, विचारावे. त्याचा थर ३५० ते ५०० एचव्हीचा मिळतो. फक्त माप लक्षात घ्यावे: ५० मायक्रॉनचा थर साधारण निम्मा आत आणि निम्मा बाहेर वाढतो, म्हणजे बोअरचा (आतल्या गोल छिद्राचा) व्यास ५० मायक्रॉनने कमी होतो. तेवढा बोअर आधीच मोठा ठेवावा.