कपाळाला आठ्या घाला बघू

आमच्याकडे कुणाचं तोंड वाकडं झालं की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘वारं गेलं’. दुसरं, ‘कौल लावलास काय?’ मी देवगडकडे एका बंदराच्या गावात प्रॅक्टिस करतो आणि माझ्याकडे पेशंट येतो तो हे दोन्ही उरकून, कधी दोन तासांनी तर कधी चार दिवसांनी.

मागच्या मे महिन्यात एकाच आठवड्यात दोघं आले. पहिली मासे विकणारी एक मावशी, पन्नाशीची, शुगरवाली, मुंबईहून रात्रीच्या एस्टीने आलेली. ‘डॉक्टरांनू, रातभर खिडकी उघडी रवली, वारो लागलो, आता चाय पितंय ती अर्धी भायर येता.’ उजवी बाजू अख्खी उतरलेली, उजवा डोळा मिटेना, मिटायला गेली की बुबुळ वर सरकून नुसतं पांढरं दिसायचं, ते बघून सून रडायलाच लागलेली.

तीन दिवसांनी एक तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा म्होरक्या, आला, साठीचा, भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून. तोंडाचा उजवा कोपरा जेमतेम खाली आलेला, मला नीट निरखून बघावं लागलं. ‘मामाक काय झाला नाय, वायच वारो लागलो,’ भाचा म्हणाला, आणि मामा स्वतः हसत होता.

मी दोघांनाही तेच सांगितलं, भुवया वर करा, कपाळाला आठ्या घाला बघू. मावशीच्या डाव्या कपाळावर आठ्या पडल्या, उजवं कपाळ मात्र इस्त्री केल्यासारखं सपाट. तांडेलाच्या दोन्हीकडे व्यवस्थित आठ्या. आणि घाबरायचं होतं ते तांडेलाच्या बाबतीत.

हे उलटं वाटतं ना? आमच्या भागात लाइट कशी येते ते आठवा म्हणजे कळेल. समजा एका घराला दोन फीडरवरून लाइन दिलीय, एक फीडर बंद पडला तरी दुसऱ्यावर दिवे चालू राहतात. आपल्या कपाळाचं तसंच आहे, त्याला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. चेहऱ्याच्या खालच्या भागाला मात्र मुख्यतः एकच फीडर, तोही विरुद्ध बाजूच्या मेंदूचा. म्हणून डाव्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली की उजवं तोंड उतरतं आणि कपाळ शाबूत राहतं. पण खांबावरून घरात येणारी वायरच तुटली (२०२१ च्या तौक्ते वादळानंतर किती दिवस अंधारात काढले ते इथे कुणी विसरलेलं नाही) तर फीडर दोन असोत की दहा, घर काळोखातच. मावशीची ही शेवटची वायर गेली होती. तिला म्हणतात चेहऱ्याची नस, मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी सातवी. चार्ल्स बेल नावाच्या स्कॉटिश सर्जनने १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या नसेचं काम मांडलं, म्हणून या आजाराला बेल्स पाल्सी म्हणतात.

ही नस कानामागच्या हाडातून साधारण तीन सेंटीमीटर लांबीच्या नळीतून जाते आणि सगळ्यात अरुंद जागी ती नळी एक मिलिमीटरसुद्धा रुंद नाही. नस सुजली की तिथेच चेंगरते. सुजते का, तर बहुतेक हर्पीसचा जुना, अंगात झोपलेला व्हायरस जागा होतो म्हणून असा संशय आहे, एस्टीची खिडकी बिचारी उगाच बदनाम. आदल्या दिवशी कानामागे दुखणं, साधं भांडं पडलं तरी कानात घण घातल्यासारखं वाटणं, ‘सोलकढीक चवच लागना नाय’ म्हणणं, हे सगळं त्याच नसेचं, कारण जिभेच्या पुढच्या भागाची चव आणि कानातला आवाज आवरणारा एक इवलासा स्नायू तिच्याच ताब्यात असतो. कानात फोड दिसले तर मात्र नागीण समजायची, तिची औषधं वेगळी.

तांडेलाला मी डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरायला लावले, तळवे वर. दहा सेकंदांत उजवा हात हळूहळू खाली आला आणि तळवा आत वळला, त्याला पत्ताच नाही. ‘तांदूळ’ म्हणताना जीभ जड. स्ट्रोक. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव नाही हे बघून. त्रास कधी सुरू झाला ठाऊक नसेल तर माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथून तास मोजायचे. मी १०८ ला फोन लावेपर्यंत ते कपडे घ्यायला म्हणून घरी गेले, घरी चार माणसं जमली, पोचले तेव्हा वेळ उलटून गेली होती. आज तो बोलतो, चालतो, पण जाळं विणायला उजवा हात साथ देत नाही.

आता हे वाचून घरच्या घरी आठ्या बघून निकाल लावू नका हां. मेंदूच्या देठात, जिथून ही नस निघते तिथेच स्ट्रोक झाला तर कपाळही जातं, म्हणजे डीपीच जळाला म्हणा ना. तेव्हा एकाचे दोन दिसणं, गरगरणं, हातापायात लुळेपणा असलं काहीतरी बहुतेक सोबत असतं. आणि बेल्स पाल्सी काही तासांत ते दोन-तीन दिवसांत वाढत जाते, त्यामुळे सुरुवातीला कपाळ थोडं हलतही असेल. मला स्वतःला जरा जरी शंका आली तरी मी पेशंट पुढे पाठवतो, स्कॅन नॉर्मल आला म्हणून कुणी मला शिव्या घातल्या तर घालू देत.

मावशीला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, शुगर रोज तपासायच्या बोलीवर, कारण त्या गोळ्यांनी शुगर चढते. त्या ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. स्कॉटलंडमधल्या २००७ साली छापून आलेल्या अभ्यासात या गोळ्या घेतलेल्यांपैकी ९४ टक्के लोक नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले, न घेतलेल्यांपैकी ८२ टक्के. म्हणजे बरेचजण तसेही बरे होतात, आणि तेल चोळणाऱ्यांचं नाव होतं ते याच जिवावर. चोळा बापडे, पण त्यात तीन दिवस घालवू नका.

गोळ्यांपेक्षा जास्त कटकट डोळ्याची. न मिटणारा डोळा सुकतो, बुबुळाला जखम होते आणि आमचा खारा वारा तर विचारूच नका. दिवसा थेंब, रात्री मलम लावून वर चिकटपट्टी. मावशीने मुलाचा काळा गॉगल घालून बाजारात बसायला सुरुवात केली, गिऱ्हाइकं हिरॉईन म्हणून चिडवायची, ती पण भाव वाढवून सांगायची. तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यात आली तेव्हा मी काही विचारायच्या आधीच गॉगल काढून भुवया वर केल्या. उजवीकडे दोन बारीक आठ्या होत्या.